१७ वर्षांचा गॅप

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅबला एक छोटी खिडकी असते. पेशंट त्या खिडकीतून थुंकीची डबी आत सरकवतो आणि थोड्या वेळाने त्याच खिडकीतून रिपोर्टचा कागद बाहेर जातो. पाटण तालुक्यातल्या अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला मी २०११ पासून १२ वर्षं काढली. कंत्राटी लॅब टेक्निशियन, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा नवी ऑर्डर.

काम मला मनापासून आवडायचं. क्षयाची स्लाइड करताना कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून ज्योत फिरवायची, वाफ दिसली की थांबायचं. उकळी येऊ द्यायची नाही. पाच मिनिटं तसंच ठेवायचं, मग आम्लाने धुवायचं, शेवटी मिथिलिन ब्लू. मायक्रोस्कोपखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, दिसल्या की पोटात खड्डा पडायचा, आणि तरी त्या सापडल्याचं समाधानही व्हायचं. सापडल्या म्हणजे आता औषध सुरू होणार.

पण रिपोर्ट हातात घेतलेला माणूस खिडकीतून विचारायचा, "साहेब, काय आलंय? आता काय करू?" यावर मला एकच वाक्य बोलता यायचं. "डॉक्टरांना दाखवा." एकदा एक म्हातारी वरच्या वाडीवरून चालत आली होती, नातवाचा रिपोर्ट घ्यायला. मेडिकल ऑफिसर त्या दिवशी जिल्ह्याच्या मीटिंगला गेले होते. कागदावर ३ प्लस लिहिलेलं, म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू भरपूर. मी म्हटलं, "आजी, उद्या या, डॉक्टरांना दाखवा." तिने कागद कमरेच्या पिशवीत ठेवला आणि ती निघाली. मी तिला बसवून घेतलं, चहा दिला, आशाताईंना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलाला स्वतः आणलं, औषध सुरू झालं. सगळं नीट झालं. तरी "डॉक्टरांना दाखवा" हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडून सहज निघेनासं झालं.

डॉक्टर व्हायचं मनात बारावीपासून होतं. २००६ ला एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा दिली, २०० पैकी मार्क पुरले नाहीत. दुसऱ्यांदा बसण्याइतकी घरची परिस्थिती नव्हती. बीएस्सी केलं, मग डीएमएलटी ही लॅब टेक्निशियनची पदविका, मग ही नोकरी. २०१८ मध्ये पुन्हा उचल खाल्ली होती, तेव्हा मी तिशीला टेकलो होतो. पण त्याच वर्षी नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेला, वयाची मर्यादा आली: खुल्या प्रवर्गाला २५, राखीव प्रवर्गाला ३०. दिल्ली हायकोर्टाने ती योग्यही ठरवली. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला, की २५ च्या पुढच्यांनाही अर्ज भरता येईल, मात्र प्रवेश अंतिम निकालावर अवलंबून राहील. या "अवलंबून"वर नोकरी सोडायची हिंमत मला झाली नाही. ओडिशाच्या जयकिशोर प्रधानांनी ती दाखवली. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ २०२० मध्ये ६४ व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला गेले. ती बातमी मी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग तुम्ही अजून लहानच आहात की."

९ मार्च २०२२ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पत्र आलं आणि वयाची मर्यादा कायमची निघाली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचा पगार, घराचा हप्ता, माझ्या आईची औषधं, मुलीची शाळा असं सगळं एका पानावर मांडलं. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, आणि सरकारी कॉलेज मिळालं तर नंतर एक वर्ष बाँडची, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. माझी कमाई पाच वर्षं शून्य. तिने पानाच्या खाली रेघ मारली आणि म्हणाली, "ओढाताण होईल, पण बसतंय." या लेखात पुढे जे काही आहे ते त्या रेघेवर उभं आहे. माझ्यासारख्या वयात हे करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी विचारतो: घरात बसून हिशेब झालाय का? अभ्यासाचं नंतर बघू.

अभ्यासाचं म्हणाल तर जीवशास्त्राची मला भीती नव्हती, आणि तिथेच मी पहिल्यांदा आपटलो. एनसीईआरटीच्या पुस्तकांत अकरावी-बारावी मिळून तेव्हा ३८ प्रकरणं होती. रक्ताचं प्रकरण मी नुसतं चाळलं, म्हटलं हे तर रोजचं काम. पण पुस्तकात प्लेटलेट्स दीड ते साडेतीन लाख लिहिल्यात, आमच्या रिपोर्टवर साडेचार लाखांपर्यंत नॉर्मल छापलेलं. पांढऱ्या पेशी पुस्तकात ६ ते ८ हजार, आमच्याकडे ४ ते ११ हजार. सराव परीक्षेत मी लॅबचे आकडे धरून उत्तरं द्यायचो आणि ती चुकायची. शेवटी ठरवलं, की परीक्षा पुस्तकावर आहे, तर पुस्तकातली ओळ न् ओळ मान्य करायची आणि बारा वर्षांचा अनुभव या तीन तास वीस मिनिटांपुरता कपाटात ठेवायचा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण मला त्याला वर्ष लागलं.

भौतिकशास्त्र तर पाटी कोरी करून सुरू केलं. त्रिकोणमिती विसरलो होतो, लॉगॅरिदम विसरलो होतो. नीटला कॅल्क्युलेटर चालत नाही आणि माझ्या बोटांना बारा वर्षं त्याचीच सवय. मुलगी तेव्हा दुसरीत होती. रात्री जेवणानंतर आम्ही दोघं पाढे म्हणायचो, ती बारापर्यंत आणि मी तीसपर्यंत. तालुक्याच्या गावी एक सर क्लास घ्यायचे, त्यांनी मला रविवारच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसू दिलं आणि फी घेतली नाही. पहाटे ४ ते ७ माझा अभ्यास, साडेनऊला ड्यूटी, संध्याकाळी पुन्हा दोन तास.

पहिल्यांदा बसलो ते १७ जुलै २०२२ ला. केंद्राच्या गेटवर एकाने सांगितलं, "पालकांनी रेषेच्या बाहेर थांबा." मी हॉलतिकीट दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि आदराने बाजूला झाला. ७२० पैकी ४३८ आले. त्या मार्कांवर सरकारी कॉलेज शक्य नव्हतं आणि खाजगीची फी आमच्या वहीत कुठल्याच पानावर बसत नव्हती. गावात बोलणं सुरू झालंच होतं, की बायकोच्या पगारावर शिकायला निघालाय. आईला त्याचा त्रास झाला, मला कमी झाला, बायकोला सगळ्यात जास्त झाला आणि ती एका शब्दानेही बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी मी एकच गोष्ट बदलली. नवीन पुस्तक घेतलं नाही. पहिल्या वर्षी चुकलेला प्रत्येक प्रश्न एका जाड रजिस्टरमध्ये लिहून काढला, लॅबच्या रजिस्टरसारख्या रकान्यांमध्ये: तारीख, विषय, काय लिहिलं, काय असायला हवं होतं, का चुकलं. "का चुकलं" या रकान्यात सर्वांत जास्त वेळा "घाई" आलं. चूक उत्तराला एक मार्क जातो, त्यामुळे माहीत नसलेला प्रश्न सोडून द्यायला शिकणं हाही अभ्यासच. ७ मे २०२३ ला दुसऱ्यांदा पेपर दिला. ५९७.

मार्क मिळाले म्हणजे झालं असं मला वाटलं होतं. खरी दमछाक कागदांनी केली.

राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी कक्षाकडे नोंदणी करायची असते. कागदपत्रांची यादी अठरा वर्षांच्या मुलाला डोळ्यासमोर ठेवून केलेली. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला सेतूमधून मिळाला. वैद्यकीय फिटनेस मिळाला. गॅप सर्टिफिकेट म्हणजे प्रतिज्ञापत्र, की बारावीनंतरच्या काळात मी काय केलं. टायपिस्टने विचारलं, "गॅप एक वर्षाचा ना?" मी म्हटलं, "१७ वर्षांचा." त्याने टाइप करायचं थांबवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. मग आम्ही दोघांनी मिळून तो मजकूर केला: पदवी, पदविका, नोकरीचे सगळे आदेश एकेक करून.

सगळ्यात अवघड ठरला तो शाळा सोडल्याचा दाखला. तो शेवटच्या संस्थेकडून हवा. माझी शेवटची संस्था म्हणजे डीएमएलटीचं कॉलेज, आणि ते दुसऱ्या नावाने दुसऱ्या इमारतीत गेलं होतं. जुनं दप्तर कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. चार दिवस फोन, तीन फेऱ्या, आणि कागदपत्र पडताळणीला दोन दिवस उरलेले. शेवटी तिथल्या एका शिपाईमामांनी गोदाम उघडलं. पोत्यांत बांधलेली रजिस्टरं आम्ही दोघांनी जमिनीवर पसरली. पाचव्या पोत्यात माझ्या वर्षाचं निघालं. माझ्या फोटोची टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. दुपारी तीनला दाखल्यावर सही झाली. मामांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर झालात की माझा गुडघा बघा." तेव्हा हे वाचणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती, फॉर्म भरायच्या आधी सहा महिने हा दाखला हातात घ्या. मार्कांआधी घ्या.

शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर साहेबांनी मुलीचं नाव विचारलं. विद्यार्थी मीच आहे म्हटल्यावर दोनदा वरिष्ठांकडे जाऊन आले. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही हे मी वाचून गेलो होतो, त्याचा उपयोग झाला. सहकर्जदार म्हणून बायकोची सही.

दुसऱ्या फेरीत सरकारी कॉलेज लागलं. लॅबची किल्ली नव्या मुलीच्या हातात दिली, मायक्रोस्कोपची लेन्स शेवटची पुसली आणि सप्टेंबरात होस्टेलवर गेलो.

वर्गातली मुलं पहिल्या आठवड्यात "सर" म्हणायची, दुसऱ्या महिन्यात "दादा" झालो. आमच्या अॅनाटॉमीच्या मॅडम माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्या वर्गात सगळ्यांना "तू" म्हणायच्या आणि मला "तुम्ही". एकदा डिसेक्शनला मी ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याची, फांदी चुकीची दाखवली, तेव्हा त्या चिडून म्हणाल्या, "अरे, तू वाचून येत नाहीस का?" त्या दिवशी मला मी खरोखर विद्यार्थी झालोय असं वाटलं. अॅनाटॉमीने मला छळलं, हे कबूल करतो. पाठांतर पूर्वीसारखं टिकत नाही. अठराच्या मुलाला जे दोनदा वाचून येतं ते मला पाचदा वाचावं लागतं, शिवाय लिहावं लागतं. पहिल्या अंतर्गत परीक्षेत हाडांच्या तोंडी परीक्षेला नापास झालो. तीन तास उभं राहिलं की कंबर धरते. त्यावर उपाय म्हणून हाडांची पेटी खोलीवर आणली आणि डोळे मिटून, नुसत्या हाताच्या स्पर्शाने डावं-उजवं ओळखायचा सराव केला.

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला मात्र चित्र उलटं. न्यूबॉअर चेंबरवर पेशी मोजायच्या, साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन काढायचं, बोटाला सुई टोचायची. मुलांचे हात थरथरायचे आणि सगळी माझ्या टेबलाभोवती जमायची. मी त्यांना कव्हरस्लिप कशी अलगद सोडायची ते दाखवायचो, त्यातली चौघं रात्री मला एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे गर्भाच्या वाढीचं शास्त्र, समजावायची. तो सौदा वर्षभर चालला. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पहिल्या वर्षाची परीक्षा मी पहिल्याच प्रयत्नात पास झालो, त्यात त्या चार मुलांचा वाटा मोठा आहे.

दर दुसऱ्या शनिवारी एसटीने घरी जातो. मुलगी स्टँडवर येते. बायको वही काढते, आम्ही महिन्याचा हिशेब लावतो. सोपं नाहीये. गेल्या वर्षी दिवाळीला तिने स्वतःला काही घेतलं नाही आणि मला ते जानेवारीत कळलं.

दुसऱ्या वर्षी वॉर्डच्या पोस्टिंग सुरू झाल्या. मेडिसिनच्या वॉर्डात मला एक काका वाटून दिले, हिस्ट्री घ्यायला. दीड महिना खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. माझे पांढरे केस पाहून ते उठून बसायला लागले. मी म्हटलं, "काका, पडून रहा, मी विद्यार्थी आहे." अर्धा तास त्यांच्याशी बोललो. जेवण जातं का, घरात आणखी कुणाला खोकला आहे का, लहान मुलं आहेत का, पूर्वी कधी औषध घेतलंय का. इतकी वर्षं डबीवर मी नंबर टाकायचो. हे प्रश्न कधी माझे नव्हतेच. सरांनी थुंकीची तपासणी सांगितली. डबी कशी द्यायची ते मी काकांना समजावलं: चूळ भरा, खोल श्वास घ्या, घशातली लाळ नको, छातीतून खाकरून काढा. हे मात्र मला झोपेतही सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते विचारत होते, "रिपोर्ट आला का?" अकराला विचारलं, साडेअकराला विचारलं. मी खाली लॅबच्या खिडकीशी गेलो. आत एक तरुण टेक्निशियन रॅकवर स्लाइडी लावत होता. काकांचं नाव सांगितलं. त्याने रजिस्टर पाहिलं.

"स्टेनिंग झालंय सर, वाळतेय. वीस मिनिटं थांबता का?"

"थांबतो," म्हटलं, आणि बाहेरच्या बाकावर पेशंटच्या नातेवाइकांशेजारी जाऊन बसलो.