पेज खाल्ली नाही, प्यायली

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवर सकाळी अकराच्या सुमारास मी एका आजींसमोर फॉर्म घेऊन बसले होते. वय सत्तरीच्या पुढे. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंत?"

"काय खानार? दुपारी भात नि कुळथाची पिठी. राती तोच."

सकाळचा रकाना रिकामा राहिला. मनातल्या मनात हिशोब केला तर दिवसाच्या कॅलरी हजारापर्यंतही जात नव्हत्या, आणि आजी तर मघाशी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चढ चढून आल्या होत्या. उठताना चुलीकडे लक्ष गेलं. वैलावर टोप, त्यात उकड्या तांदळाची पेज.

"ही कुणासाठी?"

"माजीच की. रोज सकाळची."

"मग सांगितली का नाहीत?"

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. शाळेत शिकलेल्या पोरीला एवढंही कळू नये, असा चेहरा. "तू खाल्लं काय ते इचारलंस. पेज काय खातात गो? ती प्यायची."

खोडरबर काढलं. पेज आली, तिच्यासोबतचा खारातला आंबा आला, दोन वेळचा साखरेचा चहा आला (तोही प्यायलेला), संध्याकाळची वाटीभर सोलकढी आली. एका क्रियापदामागे अख्खा नाश्ता लपला होता. आणखी एक शब्द असाच दगा देतो, 'जेवण'. आमच्याकडे भात झाला तर जेवण झालं. चार घावणे खाऊनही बाई सांगते, "आज जेवलेच नाय."

मी गृहविज्ञान शिकले, रत्नागिरीत राहते आणि गेली काही वर्षं कंत्राटावर आहार सर्वेक्षणाची कामं करते. प्रकल्प असेपर्यंत पगार. कोण किती आणि काय खातं, त्यातून त्याच्या अंगाला काय लागतं, हे वाड्यावाड्यांवर जाऊन मोजायचं. आम्हाला कॉलेजात त्याची एबीसीडी शिकवली होती: ए म्हणजे अँथ्रोपोमेट्री, शरीराची मापं, बी म्हणजे बायोकेमिकल, रक्ताच्या तपासण्या, सी म्हणजे क्लिनिकल, डोळे-जीभ-नखं बघून ओळखायच्या खुणा, आणि डी म्हणजे डाएट. पहिल्या तिन्हींना यंत्र आहे, पट्टी आहे, निदान डोळे तरी आहेत. डीला फक्त समोरच्याची आठवण आणि माझा प्रश्न.

पिशवीत स्टीलचे बारा कप असतात, चढत्या मापांचे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 1972 साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरो सुरू केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून चालणाऱ्या त्या ब्युरोने 'चोवीस तासांची आठवण' (काल दिवसभरात काय खाल्लं ते आठवून सांगायचं) ही पद्धत अनेक राज्यांत गावोगाव वापरली, कपांसकट. 'एक वाटी आमटी' या शब्दांना काही अर्थ नसतो, कारण दर घरची वाटी वेगळी. म्हणून कप समोर मांडायचे आणि विचारायचं, यातल्या कुठल्या कपाएवढी? मुलं लगेच खेळायला लागतात. एका घरात एक कप हरवला आणि दोन दिवसांनी तुळशीवृंदावनाजवळ सापडला, त्यात गोट्या होत्या.

कपांचा हिशोब सोपा आहे. घरात 750 ग्रॅम तांदूळ शिजवला, भात झाला 2100 मिलीलीटर, सुनेने त्यातला 350 घेतला, म्हणजे तिच्या पोटात 125 ग्रॅम तांदूळ गेला. कच्चं किती, शिजलं किती, हिने किती घेतलं. त्रैराशिक. भाताला हे चपखल बसतं, डाळीलाही बसतं. माशाच्या कालवणाला बसत नाही, आणि हे मला उशिरा कळलं.

दापोलीकडच्या एका मच्छीमार वस्तीतलं घर. सहा माणसं, सहा बांगडे, अर्ध्या नारळाचं वाटप, त्रिफळं, कोकम. कालवण झालं सुमारे दीड लीटर. वयनींनी स्वतःसाठी कप दाखवला तो 250 चा. त्रैराशिकाप्रमाणे वयनींच्या वाट्याला एक बांगडा येतो, सगळ्यांना समान, आकडा छान दिसतो. त्या दिवशी मला त्यांनी जेवायला थांबवलं म्हणून मी वाढप बघितलं. सासऱ्यांच्या ताटात दोन मधल्या तुकड्या. नवऱ्याला तीन. दोन मुलांना दोन-दोन, काटे काढून. सासूबाईंना एक तुकडी आणि शेपट्या. मला दोन (पाहुणी). उरलेला रस आणि डोकी घेऊन वयनी सगळ्यांच्या मागून बसल्या.

"तुम्हाला तुकडी नाही?"

"मला डोकीच आवडतात."

माझी आईही हेच म्हणते. आत्याही. बांगड्याचं डोकं चोखायला चांगलं लागतं, मी नाही म्हणत नाही, पण अख्ख्या किनाऱ्यावर नेमकी शेवटी जेवणारीलाच डोकी आवडावीत, हा योगायोग मला जरा जास्तच वाटतो. त्या दिवसापासून माझ्या वहीत कालवणाचे दोन रकाने असतात. रस कपाने मोजायचा आणि तुकड्या मोजून लिहायच्या, कुठल्या भागाची तेही. फॉर्मवर त्याला जागा नाही, मी समासात लिहिते.

यातला एक आकडा मला फार छळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्क्यांना रक्तक्षय निघाला आणि त्याच वयाच्या पुरुषांपैकी 25 टक्क्यांना. कारणं पुष्कळ आहेत. पाळी आहे, बाळंतपणं आहेत, जंत आहेत. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीत बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि पुरुषाला 19. म्हणजे जिला दीडपट हवं, तिच्या ताटात रस आणि डोकी. वर जेवल्याजेवल्या चहा, तो पालेभाजी-डाळीतलं लोह अंगाला लागू देत नाही. घराची सरासरी काढली की हे सगळं त्या सरासरीत विरघळून जातं.

आता माझीच एक चूक सांगते. एका प्रकल्पात (संस्थेचं नाव नको) आम्हाला किनाऱ्यावरची घरं दिली जुलै-ऑगस्टमध्ये, कारण निधी सप्टेंबरात संपत होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झावळांखाली झाकलेल्या. बंदी उठते न उठते तोवर श्रावण, निम्म्या घरांत मासे वर्ज्य. मी प्रामाणिकपणे चोवीस तासांची आठवण विचारत गेले आणि ताज्या माशांचा रकाना घरामागून घर शून्य. मसुद्यात वाक्य आलं: 'किनारपट्टीवरील कुटुंबांत मत्स्याहाराचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी.' ते वाचून मला मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातल्या धक्क्यावर नेऊन कुणीतरी ढकलून द्यावं असं वाटलं.

यात पंचांगाचा दोष जेवढा, तेवढाच माझा. पावसाळ्यात इथे लोक सुक्यावर जगतात. उन्हाळ्यात वाळवून डब्यांत भरलेला जवळा, सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा. जवळ्याची चटणी तर रोजची, भाकरीबरोबर. बायका सांगत होत्या, "भाकरी नि चटणी." मी लिहीत होते, 'चटणी'. आणि आमच्या पदार्थांच्या यादीत चटणीचा कोड होता खोबऱ्याच्या चटणीचा. काटेकवचासकट खाल्लेला जवळा, ज्यातून प्रथिनंही मिळतात आणि कॅल्शियमही, तो माझ्या हाताने मी खोबरं करून टाकला होता. भाकरीचंही तेच. तांदळाची की नाचणीची, हे विचारायलाच हवं, कारण नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात दहाच्या आतबाहेर. दोन्हींना लोक नुसतं 'भाकरी' म्हणतात.

मी चाळीसेक घरांत परत गेले, छत्री घेऊन, स्वतःच्या एसटीच्या पैशांनी. वाक्य काढलं गेलं. पैसे अजून मिळायचेत.

मापांचं मी भराभर सांगते, कारण त्यात गंमत कमी आणि घाम जास्त. वजनकाटा सारवलेल्या खळ्यात ठेवायचा नाही, जमीन दबते आणि काटा खोटं बोलतो. जांभ्याच्या चिऱ्याची सपाट पायरी शोधायची. रोज सकाळी पाण्याच्या भरलेल्या कॅनने काटा तपासायचा. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, वरचं उभं करून, आणि उलट केलंत तर साधारण 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो, तेवढ्यात काही मुलं बुटक्यांच्या यादीतून आत-बाहेर होतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर तीव्र कुपोषण. फॉर्म बाजूला ठेवायचा आणि आधी अंगणवाडीताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. दंडाच्या पट्टीचा 11.5 च्या आतला लाल भाग दिसला की आई आपल्याकडे बघत असते. तिथे काय बोलायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात नीट शिकवत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र वेगळं. आमच्याकडे घरंच्या घरं अशी आहेत की मुलगे मुंबईला, घरात एकटी आई किंवा दोघं म्हातारी. पाठ वाकलेली. उंची मोजली तर चार-पाच सेंटिमीटर कमी भरते, त्यावरून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढला तर हाडांचा सापळाही 'सामान्य' ठरतो. म्हणून हात आडवा पसरून छातीच्या मधल्या खाचेपासून बोटांच्या मुळापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यावरून उंची काढायची. किंवा सरळ पोटरीचा घेर बघायचा. 31 सेंटिमीटरच्या आत असेल तर काळजी.

अशा एका घरात मी गेले तेव्हा काकींच्या कपाटात चाकरमान्यांनी गणपतीला आणलेले बिस्किटांचे पुडे, फरसाण, प्रोटीन पावडरचा न फोडलेला डबा. पैशांची अडचण नव्हती. काकी आदल्या दिवशी दोन वेळा चहा-बिस्किटं खाऊन राहिल्या होत्या. "एकटीसाठी काय चूल पेटवायची?" मागच्या दारी शेवगा पानांनी वाकला होता, परसात टाकळा माजला होता. पोटरी भरली 28. माझ्या फॉर्मवर त्या 'उच्च उत्पन्न गट'.

आणि मग आंब्याच्या बागांतले नेपाळी. पावस, गणपतीपुळे, खाली देवगडपर्यंत, हंगामात बागा तेच राखतात. फवारणी तेच करतात, झाडावर चढतात तेच. अशा एका बागेत माझ्या प्रश्नांची उत्तरं मालकच द्यायला लागले. "यांना आम्ही सगळं देतो मॅडम, तांदूळ, डाळ, तेल, महिन्याला कोंबडीसुद्धा." मी म्हटलं, काका, मला जरा यांच्याकडूनच ऐकायचंय. ते खुर्ची घेऊन तिथेच बसले. शेवटी मी पाणी मागितलं आणि ते आत गेले तेवढ्यात हिंदीतून विचारून घेतलं. डाळ महिन्याच्या विसाव्या तारखेला संपते. नंतर भात, बटाटा आणि मिरची. आणि घरून आणलेली एक काळपट सुकी भाजी, पिशवीत जपून ठेवलेली, आंबूस वासाची. गुंद्रुक. आंबवून वाळवलेला पाला. त्या माणसाने मूठभर माझ्या हातावर ठेवली, वास घ्यायला. वास थेट आमच्या खारवलेल्या फणसाच्या भांड्यासारखा. माझ्या यादीत तिचा कोड नव्हता. मी शब्द देवनागरीत लिहून ठेवला. वरून कुणीतरी तो 'इतर भाज्या' करून टाकला असणार.

मागच्या आठवड्यात पुन्हा गुहागरच्या त्याच वाडीवर जाणं झालं, दुसऱ्या कामासाठी. एका दिवसाच्या आठवणीवरून एका माणसाचा रोजचा आहार कळत नाही, निदान दोन वेगवेगळे दिवस घ्यावे लागतात, आणि या वेळी नशिबाने दोन दिवस मंजूर झाले होते. आजी ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. ओळखलं त्यांनी. मीही आता शहाणी झाले होते. खाल्लं नाही, प्यायलं नाही, जेवलं नाही, सगळी क्रियापदं टाळून प्रश्न तयार करून आणला होता.

"आजी, काल उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?"

आजींनी जरा विचार केला.

"आधी मिस्री," त्या म्हणाल्या. "ल्ही."