भावाची ओएसटी, हेपॅटायटिस सी आणि आमची धावपळ : माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाचा हेपॅटायटिस सीचा (लिव्हरचा, रक्तातून पसरणारा आजार) शेवटचा रिपोर्ट आला, नॉट डिटेक्टेड, म्हणजे रक्तात व्हायरस सापडला नाही. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, तो रबाळे एमआयडीसीत कामाला आहे आणि कित्येक वर्षं गर्द (ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) घ्यायचा, आधी पन्नीवर ओढायचा, नंतर सुईने. हे सगळं कसं पार पडलं ते लिहून ठेवतेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा जो तो एकच सांगायचा, रिहॅबमध्ये टाका.

अहो रिहॅब झालं होतं आमचं. घरी आला, थोडे दिवस बरा होता आणि परत सुरू. पण त्याच्याच सोबतचा एक मुलगा घरी आल्यावर आठवड्याभरात गेला. सगळे म्हणाले जास्त घेतलं असणार. त्याच्या मित्रांनी सांगितलं की नाही, पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं होतं, वर फक्त नायट्राची, म्हणजे झोपेची गोळी. घोटाळा तिथेच आहे, मधल्या काळात शरीराची सवय सुटते आणि जुना डोस झेपत नाही, श्वास मंद होत होत थांबतो, आणि त्यात झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर अजून लवकर. रिहॅब, जेल, हॉस्पिटल, कुठूनही बाहेर आल्यावरचे पहिले दिवस सगळ्यात वाईट. डिस्चार्जच्या वेळी आम्हाला फी, कपडे, देवाचं नाव घ्या, सगळं सांगितलं, हे तेवढं कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर आमच्या आयुष्यात एक आउटरीच वर्कर आला, स्वतः पूर्वी नशा करणारा, तुर्भ्याच्या बाजूला पुलाखाली बसणाऱ्या पोरांना नव्या सुया द्यायचा आणि वापरलेल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात गोळा करायचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्याला सुनावलंच, की तुम्ही सुया वाटता? तो शांतपणे म्हणाला, ताई मी नाही दिली तर तो दुसऱ्याची घेईल. आणि नुसती सुई नाही, चमचा, कापूस, पाणी हे जरी एकमेकांचं वापरलं तरी हेपॅटायटिस सी पसरतो, तो व्हायरस वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे तग धरतो. सुया वाटणं गुन्हा नाही, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात त्याला संरक्षण आहे, हेही त्यानेच सांगितलं. पोलिसांचं मी विचारलं तर म्हणाला की एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, ६४-ए कलम आहे, थोड्या मालात पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. भावाला सेंटरवर न्यायला हाच माणूस उपयोगी पडला, माझं तर तो ऐकतच नव्हता.

ओएसटी सेंटर सरकारी हॉस्पिटलमध्ये होतं, ठाण्याला. ओएसटी म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, फुकट. आधारकार्ड, फोटो, संमतीपत्र. पण गंमत म्हणजे पहिल्या दिवशी टर्की (नशा न मिळाल्यावर होणारा त्रास) सुरू झाल्याशिवाय गोळी देत नाहीत, कारण अंगात गर्द असताना ही गोळी घेतली तर ती गर्दला मेंदूतल्या जागेवरून हुसकावून लावते आणि एकदम भयंकर टर्की येते. म्हणून तो सकाळपासून काही न घेता बाकावर बसलेला, नाक गळतंय, जांभयांवर जांभया, हातावर काटा, आणि मला म्हणतोय ताई चल जाऊया. सिस्टरनी येऊन त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघितल्या, म्हणाल्या अजून थोडा वेळ. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता. मग गोळी कुटून भरड केली, जिभेखाली ठेवली, बोलायचं नाही, गिळायचं नाही, विरघळली की आ करून जीभ वर करून दाखवायची. तासाभरात जांभया थांबल्या. वडापाव मागितला त्याने!

त्यानंतर रोज ट्रान्स हार्बरने ठाणे, गोळी, आणि तिथून रबाळे. हीच खरी परीक्षा. सेंटर उघडणार त्याच्या वेळेला आणि कंपनीचं पंचिंग त्याच्या वेळेला, पगार कापला जायचा, सुपरवायझरला काय सांगणार? शेवटी सेकंड शिफ्ट मागून घेतली. ज्या बाईने आयुष्यभर घरी बसून प्रवचनं ऐकवली त्या आमच्या मावशीला एकदा हा प्रवास करून दाखवायला सांगावंसं वाटतं.

तपासण्या तिथेच सुरू झाल्या. एचआयव्हीच्या टेस्टला आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी तपासणी आणि समुपदेशन केंद्रात पाठवलं, काउन्सेलरनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं मी मोठी बहीण आहे. त्या म्हणाल्या असू दे, रिपोर्ट त्याचा आहे, तो सांगेल तर सांगेल. कायद्यानेही तसंच आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला नाही. (निगेटिव्ह आला, त्याने बाहेर येऊन लगेच सांगितलं. पण विंडो पिरियड असतो, म्हणजे नवी लागण सुरुवातीला टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून काही महिन्यांनी परत केली.)

हेपॅटायटिस सी मात्र निघाला. पहिली टेस्ट अँटिबॉडीची, ती पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी लागण झाली होती एवढंच, आजार आत्ता आहे का ते व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्यावरून कळतं. त्यात व्हायरस निघाला, मग लिव्हरच्या टेस्ट, सोनोग्राफी. सिरॉसिस (लिव्हर कायमचं खराब होणं) नव्हता. २०१८ पासून केंद्राचा व्हायरल हेपॅटायटिसचा कार्यक्रम आहे त्यात औषध फुकट, सोफोस्बुवीर आणि डॅक्लाटासवीर, १२ आठवडे रोज. २८ गोळ्यांची बाटली, संपत आली की पुढची. मी धरून चालले होते की आधी नशा पूर्ण सोडा मग औषध असं म्हणतील, आणि एका प्रायव्हेट डॉक्टरने तसं म्हटलंही होतं, पण इथे कोणी अट घातली नाही. तो मधेमधे गर्द घेत होता हे त्यांना माहीत होतं. औषध संपल्यावर १२ आठवडे थांबून परत व्हायरल लोड, तोच हा नॉट डिटेक्टेड. अँटिबॉडी टेस्ट आता पॉझिटिव्हच येत राहणार, त्याला घाबरायचं नाही, पण परत दुसऱ्याची सुई वापरली तर परत होऊ शकतो, लसही नाही त्यावर. हेपॅटायटिस बीवर लस आहे, तिचे दोन डोस झालेत, तिसरा बाकी.

नॅलोक्झोनबद्दल मी स्वतः विचारलं. गर्दच्या ओव्हरडोसवर हे औषध श्वास परत आणतं, आणि नशा करणाऱ्यांच्या घरच्यांच्या, मित्रांच्या हाताशी ते असावं असं डब्ल्यूएचओने २०१४ मध्येच सांगितलंय. आमच्या भागातल्या मेडिकलवाल्यांनी मात्र नाव तरी नीट ऐकलं होतं का शंका, इंजेक्शन हॉस्पिटलला मिळेल म्हणाले. मग वर्करने मला बाकीचं शिकवलं. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घोरल्यासारखी घरघर आणि हलवून उठत नाही, तर झोपलाय म्हणून सोडायचं नाही. १०८ ला फोन, तोंडाने श्वास द्यायचा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, थंड पाण्याची बादली, दूध, हे पोरं करतात ते काही करायचं नाही. आणि हॉस्पिटलमध्ये नॅलोक्झोनने उठून बसला तरी लगेच घरी आणायचं नाही, त्याचा असर तास-दीड तासात उतरतो आणि गर्द अजून अंगात असू शकतं.

आई अजून विचारते ही गोळी बंद कधी होणार. डॉक्टर म्हणाले घाई करू नका, वर्षानुवर्षं चालली तरी चालेल, कमी करायची तेव्हा हळूहळू करू. आईला ते काही पटलेलं नाही. शेजारच्या काकूंना तिने सांगून ठेवलंय की मुलाला इतक्या लहान वयात बीपीच्या गोळ्या लागल्या.