आमची वाटचाल : कानस, पितळ आणि एक भागीदार

सांगलीच्या गावभागात आम्ही मॉडेल बोटीचे पितळी पंखे करतो. ओतून आलेला पंखा म्हणजे नुसता कच्चा माल. पाती जाड, त्यात एक दुसऱ्याहून जड. खरं काम पुढं असतं, कानस आणि पॉलिश पेपरचं. सुरुवातीला मी आणि माझा भागीदार, दोघंच होतो. मधली वर्षं बरी गेली.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि आमचं दुकान बुडालं. ज्यावर पातं दाबून पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढं सरकेल ते अंतर, बघायचा ते लोखंडी ठोकळे चिखलातून काढले, तर गंजून गेलेले. भागीदार दोन दिवस गाळ उपसायला आला, तिसऱ्या दिवशी आला नाही. दिवाळीनंतर कळलं, त्यानं आमचाच तयार पंखा वाळूत दाबून साचा घेतलाय आणि निम्म्या भावात विकतोय. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं गेली. मला ते अजून सहन होत नाही.

गेले नाहीत ते मिरजेचे एक निवृत्त गणिताचे सर. त्यांनी दोन्हीकडचा ४० चा पंखा घेतला आणि माझ्यासमोर व्हर्निअर लावला. आमचा बरोबर ४० मिलिमीटर, त्याचा ३९.४. पितळ निवताना शेकडा दीडभर आकसतं, म्हणून ज्यावरून साचा घ्यायचा तो नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. तयार पंख्यावरून साचा घेतला की व्यासही घटतो, पिचही. सरांनी बारा पंख्यांचे पैसे आगाऊ ठेवले आणि म्हणाले, "आधी ठोकळे करून घ्या."

नव्या पोरांना सांगतो, वेग हवा म्हणून थेट मोठा पंखा लावू नका. आधी आहे तोच तोलून बघा. जे पातं खाली जातं त्याची पाठ घासा, कडेला हात लावू नका. मागच्या कडेला कप दिला, म्हणजे ती कड जरा वळवली, तर पिच वाढल्यासारखा होतो आणि मोटर जास्त अँपिअर ओढते. तेव्हा पहिली फेरी अर्ध्या मिनिटाचीच मारा आणि मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) किती तापलंय ते बघा.

सरांचे पंखे मी आजही स्वतःच घासतो. भागीदार टिळक चौकात भेटला की नमस्कार करतो. मी करत नाही.