तुम्ही विचारलंत म्हणून: कासवाला पिशवी कळत नाही का?

मार्चमध्ये कासवांची पिल्लं बघायला पाहुणे कोकणात उतरले की कुणीतरी हटकून विचारतंच, "कासव म्हणे जेलीफिश समजून प्लास्टिकची पिशवी गिळतं; जन्मभर समुद्रात राहून त्याला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही का हो?" सूर थोडा 'बावळटच दिसतंय' असा. म्हणून कासवाची बाजू मांडतो.

तरंगती पिशवी जेलीफिशसारखी दिसते, कबूल. पण कासव वासही घेतं. समुद्रात पडलेल्या प्लास्टिकवर काही दिवसांत शेवाळ, जिवाणू, बारीकसारीक जीव बसतात. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच आठवडे समुद्रात ठेवलेल्या प्लास्टिकचा वास लॉगरहेड जातीच्या १५ समुद्री कासवांच्या टाकीवर सोडला. खाण्याचा वास आल्यावर ती जशी नाकं वर काढून हुंगत राहतात, तशीच हुंगत राहिली. कोऱ्या प्लास्टिकला मात्र भाव दिला नाही.

एकदा तोंडात गेलं की परत येणं नाही. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात; खारं पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून. जेलीफिशसाठी उत्तम सोय, पिशवीसाठी सापळा. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सुमारे १००० मेलेल्या कासवांच्या नोंदी तपासून हिशोब मांडला: पोटात १४ तुकडे असतील तर मरण्याची शक्यता ५० टक्के, एकच असला तरी २२.

खरं सांगू? आमच्याकडे पिशवीपेक्षा जाळंच जास्त दिसतं. पावसाळ्यात उधाणाबरोबर तुटक्या नायलॉन जाळ्यांचे गुंते लागतात आणि कधी कधी त्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. गेल्या जुलैत एक सापडली. पुढच्या वल्ह्यासारख्या पायात दोरा हाडापर्यंत रुतलेला, ती दुसऱ्या वल्ह्यानं वाळू उकरत होती. वनखात्याची माणसं येईपर्यंत ओलं पोतं टाकून बसलो. मच्छीमारांना यात सरसकट खलनायक करू नका. जिवंत कासव सोडवायला जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची सरकारी योजना २०१८ पासून आहे, आणि जाळं कापणारे आहेतही.

त्या गुंत्याचा एक तुकडा मी घरी आणून मागच्या दारी टांगला. सुक्या जवळ्याचा वास येत होता. शेजारची मांजर तीन दिवस त्याच्याखाली बसून होती.