गोदाघाटाचे रेंडर कागदावर उतरवताना

गोदाघाटाच्या दृश्याची प्रकाशयोजना पूर्ण झाल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. पुराचे पाणी नाशिकच्या गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (याच मूर्तीवरून तिथे पुराची पातळी सांगतात) कमरेपर्यंत चढलेले, मागे ओल्या दगडी पायऱ्या आणि वर पावसाळी आभाळ, असे हे चित्र ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रकाशकिरणांचा हिशेब करणाऱ्या त्याच्या सायकल्स इंजिनावर केले आहे. ते आडव्या ए३ कागदावर छापून दिवाणखान्यात लावायचे ठरले आणि त्यानंतरचे तीन आठवडे निव्वळ आकडेमोडीत गेले.

पहिली छपाई फसली, आणि त्यात चूक माझीच होती. रेंडर, म्हणजे सॉफ्टवेअरने दृश्यावरून काढलेले अंतिम चित्र, १९२० × १०८० पिक्सेलचे होते. दुकानात फाइल उघडल्यावर ‘ही ७२ डीपीआयची आहे, ३०० ची करून आणा’ असे सांगण्यात आले. मी घरी येऊन ७२ च्या जागी ३०० लिहिले, पिक्सेलची संख्या होती तीच ठेवली आणि फाइल परत नेऊन दिली. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतली डाळ वाढत नाही. त्या आकड्याने फाइलमध्ये फक्त एवढेच नोंदले जाते की एका इंचात किती पिक्सेल बसवावेत. ३०० प्रमाणे माझे चित्र जेमतेम ६.४ × ३.६ इंचांचे झाले असते. ते ए३ वर ताणल्यावर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल उरले, पायऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसू लागल्या, आणि कागदाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण १.४१४ आणि चित्राचे १.७८ असल्यामुळे डाव्या कडेचे छोटे देऊळही कापले गेले. (डीपीआय म्हणजे खरे तर यंत्र कागदावर एका इंचात टाकते ते शाईचे ठिपके, आपल्याला मोजायचे असतात ते एका इंचातले पिक्सेल, म्हणजे पीपीआय. दुकानात मात्र दोन्हींना डीपीआयच म्हणतात, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.)

आता हिशेब उलट्या दिशेने, कागदापासून करतो. ए३ म्हणजे ४२० × २९७ मिलिमीटर; २५.४ ने भागून ३०० ने गुणले की ४९६१ × ३५०८ पिक्सेल येतात. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर वाढवले तर ५०३२ × ३५७९. कॅमेऱ्याची चौकट सुरुवातीलाच या प्रमाणात ठेवली असती, तर ते देऊळ वाचले असते.

पण ३०० च का? सामान्य दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन बिंदू जेमतेम वेगळे दिसतात. ३० सेंटिमीटरवरून हे अंतर सुमारे ०.०८७ मिलिमीटर भरते, म्हणजे इंचाला साधारण २९०. हातात धरून पाहायच्या कागदासाठी ३०० योग्य ठरते ते यामुळे. ६० सेंटिमीटरवरून १४५ च्या आसपास पुरतात, आणि चौकातला फ्लेक्स त्याहूनही कितीतरी कमी पिक्सेलांत निभावतो. खात्री करण्यासाठी ब्लेंडरच्या रेंडर रीजनने (चित्राचा निवडलेला भागच काढण्याची सोय) मूर्तीभोवतीचा एकच तुकडा १५०, २०० आणि ३०० पीपीआयने काढला आणि तिन्ही तुकडे एकाच ए४ कागदावर खऱ्या मापात छापून घेतले. हातभर अंतरावरून २०० आणि ३०० मधला फरक केवळ ओल्या दगडाच्या बारीक कणांत जाणवला. पाच फुटांवरून घरातल्या कोणालाही तिन्हींतला फरक सांगता आला नाही. तरीही मी ३०० वर थांबलो, कारण घाटाचे चित्र दिसले की नाशिककर पाणी नेमके कुठवर आले आहे हे पाहायला जवळ जाणारच.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते सॅम्पलच्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी सोडल्या जाणाऱ्या किरणांच्या बाबतीत. ४९६१ × ३५०८ म्हणजे फुल एचडीच्या (पहिल्या १९२० × १०८० च्या) सुमारे ८.४ पट पिक्सेल. ५१२ सॅम्पलवर जे रेंडर २० मिनिटांत होत असे, त्याला आता पावणेतीन तासांहून जास्त लागले असते. मात्र पिक्सेल बारीक झाले की कागदाच्या तेवढ्याच जागेत अधिक पिक्सेल येतात आणि त्यांतला दाणेदारपणा डोळा आपोआप सरासरीत काढतो. दोन्ही दिशांनी पिक्सेल दुप्पट करून सॅम्पल पाव केले, तर त्या जागेवर पडणारे एकूण किरण तेवढेच राहतात. म्हणून १२८ सॅम्पल ठेवले आणि काम पाऊण तासाच्या आत आटोपले. डीनॉइझर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारी सोय, मात्र जपून वापरावा लागला. सॅम्पल कमी असताना तो दगडाचा खडबडीतपणाही दाणे समजून पुसून टाकतो.

एवढे करूनही चित्रातली पुढची दगडी पायरी पुसटच राहिली. तिच्यावरचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेले दगडाचे चित्र, १०२४ पिक्सेल रुंदीचे होते आणि छपाईत ती पायरी जवळपास २९०० पिक्सेल व्यापत होती. रेंडर कितीही मोठे केले तरी मुळात नसलेला तपशील त्यात कुठून येणार? तिथे ४०९६ चे टेक्स्चर लावले आहे. मागच्या पायऱ्यांचे जुनेच ठेवले, कारण त्या कागदावर ६०० पिक्सेलच्याही पुढे जात नाहीत.

सध्या आकाशाचा भाग बाकी आहे. आठ बिटांच्या फाइलमध्ये (तीत प्रत्येक रंगाच्या २५६ च पातळ्या मावतात) ढगांच्या करड्या छटांत पट्टे पडत होते, म्हणून सोळा बिटांची फाइल काढली आहे; तिचा तुकडा शनिवारी छापून घेणार आहे.