रस, रुखवत आणि आईचा शालू

आज दिवसभर नुसत्या रसावर होते. लग्नाआधी जरा हलकं वाटेल म्हणून मैत्रिणीने सुचवलेलं. सकाळी दुधीचा रस. (दुधीची फोड आधी चाखून घ्याच. कडू लागली तर सरळ फेकून द्या, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.) दुपारी गाजर-बीट. संध्याकाळी तुळशीबागेत रुखवताचं सामान बघताना डोकं ठणकायला लागलं. आईने काही न बोलता पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून हातावर ठेवली. खाल्ली. रस गाळला की चोथा जातो, प्रथिनं तर जवळजवळ नसतातच. आणि शरीराची सफाई करायला यकृत-मूत्रपिंडं आहेतच की. उद्यापासून आपली भाजी-भाकरी.

लग्नाचं मात्र आज पक्कं झालं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी: ३० दिवसांची नोटीस, ३ साक्षीदार. मग घरच्यांना मसालेभात, मठ्ठा, जिलबी. शालू आईचाच नेसणार. त्याची जर अजून तशीच झळकते, फक्त फॉल नवा लावायचाय. बाबा म्हणाले, "कर्ज काढून लग्न नको गं." केवढं हायसं वाटलं!

बुफे नाही, पंगत बसवणार आहोत. वाढायला कोण कोण येतंय?