स्क्रूपाना

गणपतीची चवथ आटोपली, पावसानं हात आखडता घेतला, तशी बाबांची आरएक्स १०० पडवीतून अंगणात काढली. चोर्ला घाट चढून बेळगावला जायचं होतं. यामाहानं ही गाडी १९९६ मध्ये बनवायची थांबवली. आमची त्याच्या दोन वर्षं आधीची. इतक्या वर्षांत तिच्यावर फिरला तो एकट्या बाबांचा हात, आणि त्या हातात कायम स्क्रूपाना.

स्क्रूपान्याचा जबडा स्क्रू फिरवून लहानमोठा होतो, म्हणून तो सगळ्या मापांना चालतो, म्हणजेच कुठल्याच मापाला नीट बसत नाही. गाडीवर एक नट धड षटकोनी उरलेला नाही. पाना लावला की गरगर फिरतो. चेनचा ताण बघायला मागच्या चाकाचा नट सैल करायचा, एवढ्याशा कामात माझी सकाळ गेली. त्या वेळात मी जन्मदात्याबद्दल जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कार्ब्युरेटर, प्लग, ब्रेक लवकर उरकले. खरा घाम काढला सायलेन्सरनं. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेलही जळतं आणि त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या नळीत साचते. मग चढावर गाडीला दम लागतो, आणि ९८ सीसीच्या इंजिनाला घाटात तो परवडत नाही. गॅरेजवाले नळी कॉस्टिक सोड्यात बुडवतात. आमच्या घरची रीत म्हणजे ती न्हाणीच्या चुलीत, नारळाच्या सोडणांच्या विस्तवात खुपसायची. आंघोळीच्या पाण्याला दोन दिवस जळक्या तेलाचा वास येत होता. आईनं काय म्हटलं तेही लिहीत नाही.

मग सिलिंडरच्या फिन्स, इंजिन गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या. बाबा लोहखनिजाच्या खाणीवर होते. गोव्यातल्या डिचोलीकडच्या माणसाला त्या लाल धुळीबद्दल पुढचं सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. त्यानंतर गाडी कितीदा धुतली असेल! तरी दातांच्या जुन्या ब्रशनं घासलं तर पाणी लालच. एका कोपऱ्यात ब्रश पोचेना, तिथली धूळ तशीच राहिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी नवा कोरा पान्यांचा संच फडक्यात गुंडाळत होतो. बाबा आले, वाकून बघितलं, आणि खिशातला स्क्रूपाना काढून माझ्यापुढे धरला.

"हा घे."

"एवढे पाने आहेत ना, बाबा!"

"असतील. पण ह्या नटांना आता दुसरा कुठला बसणार?"